आईच्या ताटातून एकेक पदार्थ जात राहिला आणि आम्हाला तो वजनकाट्यावर दिसला

कण्हेर (धागाकर्ती)

माझी आई ७६ वर्षांची आहे आणि बार्शीजवळच्या आमच्या गावी धाकट्या भावाच्या कुटुंबासोबत राहते. गेल्या चौदा महिन्यांत तिचे वजन ५४ किलोवरून ४७ किलोवर आले. रक्त, थायरॉइड, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी असे सर्व करून झाले, डॉक्टरांना काळजीचे काही आढळले नाही, आणि मग "वय झाले" एवढे म्हणून घरात सर्वांनी तो विषय बाजूला ठेवला. "जेवते ना?" असे मी फोनवर विचारी तेव्हा भाऊ आणि वहिनी दोघेही मनापासून "व्यवस्थित जेवतात" असे सांगत, आणि ते खोटे नव्हते. ती दोन्ही वेळा पानावर बसत होती आणि ताट रिकामे करूनच उठत होती.

पौषात आम्ही सगळे हुरड्यासाठी शेतावर जमलो होतो. आगटीपाशी बसून आई कणसे भाजत होती, तळव्यावर चोळून दाणे मोकळे करत होती आणि नातवंडांच्या ओंजळीत टाकत होती. तासाभरात तिने स्वतः एक दाणाही तोंडात टाकला नाही, हे माझ्या लक्षात आले ते परतीच्या वाटेवर. त्यानंतरचे चार दिवस मी गावीच राहिले आणि तिच्या ताटात काय आहे हे न पाहता, काय नाही हे पाहत राहिले. शेंगदाणे सर्वांत आधी गेले होते. मग पेरू, काकडी, कच्चा कांदा. नंतर गवार, मटकीची उसळ, हरभऱ्याची उसळ. भाकरी गेल्या पावसाळ्यापासून बंद होती, आणि ज्या बाईने साठ वर्षे ज्वारीची भाकरी खाल्ली तिने ती सोडल्याचे घरात कोणी बोललेही नव्हते, कारण प्रत्येक पदार्थ जाताना तिने "आता तो आवडत नाही" एवढेच कारण दिले होते. उरले होते चहा आणि टोस्ट, दूधभात, पातळ वरणाचा भात, केळे आणि संध्याकाळी पुन्हा चहाबरोबर खारी. मी कागदावर हिशेब मांडला तेव्हा दिवसभरातली प्रथिने २५ ग्रॅमच्या आसपास भरली. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे आहारतज्ज्ञांचे मत आहे, म्हणजे आईला तिच्या आजच्या घटलेल्या वजनालाही ४७ ते ५६ ग्रॅम हवीत. ती गरजेच्या निम्म्यावर जगत होती, आणि ताट मात्र रोज रिकामे होत होते.

तिच्या तोंडात आता नऊ दात आहेत आणि त्यांतला एकही दुसऱ्या दातावर टेकत नाही. चार वर्षांपूर्वी करून आणलेली कवळी तिने सुती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. ती "टोचते" एवढेच सांगते. हे दातांचे काम आहे, आहाराचे आहे की म्हातारपणाचे, आणि सुरुवात नेमकी कोठून करावी, हे ज्यांनी घरात अनुभवले आहे किंवा ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

वऱ्हाडी_दंतवैद्य

ताई, तुम्ही दात मोजले आणि ते एकमेकांवर टेकतात का हेही पाहिले, ही फार महत्त्वाची गोष्ट केली आहे. चावण्याचे काम सुटा दात करत नाही, वरचा आणि खालचा मिळून जोडी करते. नऊ दात असून एकही जोडी नसेल, तर खाण्याच्या दृष्टीने ते तोंड जवळजवळ बोळकेच समजावे. साधारण वीस नैसर्गिक दात शाबूत असले तर माणूस कवळीशिवाय बहुतेक सर्व पदार्थ खाऊ शकतो, म्हणून आमच्या शास्त्रात वीस ही संख्या उंबरठ्यासारखी वापरली जाते.

कवळीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिच्याविषयी खोट्या अपेक्षा ठेवल्या जातात आणि मग ती फडक्यात जाते. दात काढला की ज्या हाडात तो रुतलेला होता ते हाड झिजू लागते; पहिल्या वर्षी हा वेग सर्वांत जास्त असतो आणि पुढे मंदावला तरी झीज आयुष्यभर चालू राहते. हाड बदलत जाते, कवळी मात्र तीच राहते. चार वर्षांपूर्वी माप घेतलेली कवळी आज सैल होऊन हलते, आणि हलणारी कवळी हिरडी सोलते. खालची कवळी अधिक त्रास देते, कारण तिला टेकायला जागा कमी असते आणि जीभ व गाल तिला सतत ढकलत असतात. आईंची कवळी चांगल्या स्थितीत असेल तर आतून नवा थर देऊन ती पुन्हा घट्ट बसवता येते. प्रत्येक वेळी नवी करावी लागत नाही. तपासणीला येण्याआधी आदल्या दिवशी आणि त्या सकाळी काही तास कवळी घालून ठेवण्यास त्यांना सांगा, म्हणजे हिरडीवर जेथे घासते तेथे लाल खूण उमटलेली असते आणि आम्हाला नेमकी तेवढीच जागा घासून देता येते. घरी कानशीने किंवा पॉलिश पेपरने कवळी घासण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

उत्तम बसलेल्या पूर्ण कवळीनेही नैसर्गिक दातांच्या तुलनेत चावण्याची क्षमता चौथ्या ते सहाव्या हिश्श्याइतकीच मिळते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण पहिल्याच दिवशी ऊस सोलायला बसतो आणि निराश होतो. सवय व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात लहान घास घ्यावा, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावावे आणि समोरच्या दातांनी तोडून खाणे टाळावे. रात्री कवळी काढून, घासून, साध्या पाण्यात ठेवावी. गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो. जे रात्रंदिवस कवळी घालून राहतात त्यांच्या टाळूवर बुरशीचा लाल चट्टा आम्ही वारंवार पाहतो.

आणखी दोन गोष्टी. उरलेले नऊ दात "आता काय उपयोग" म्हणून सरसकट काढू देऊ नका. मुळे मजबूत असलेले दोन-तीन दातही खालच्या कवळीला आधार देतात आणि त्या भागातले हाड टिकवून धरतात. आणि आईंना हाडांच्या ठिसूळपणासाठी अ‍ॅलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड यांसारखे औषध कधी दिले गेले असेल, तर दात काढण्यापूर्वी ते दंतवैद्याला अवश्य सांगा, कारण या औषधांनंतर क्वचित प्रसंगी जबड्याची जखम भरतच नाही.

पंचगंगा_काठ

सासऱ्यांची शेवटची सहा वर्षे मी स्वयंपाकघरातून पाहिली आहेत, म्हणून ताटाबद्दल लिहिते. आम्हीही "मऊ द्या" या सल्ल्यावर भात, रवा, साबुदाणा आणि बिस्किटे यांवर त्यांना दोन वर्षे ठेवले होते. मऊ म्हणजे पिष्टमय असा अर्थ आपण नकळत लावतो, आणि तेथेच चूक होते. मऊ आणि सकस अशा पदार्थांची आपल्या घरांत मुळीच उणीव नाही. पिठले, मुगाचे धिरडे, हुलग्याचे माडगे, घट्ट वरण, लापशी, दह्यात भिजवलेले थालीपीठ, उकडलेले अंडे कुस्करून भातात, हे सर्व ज्याला दात नाहीत तोही खाऊ शकतो. शेंगदाणे चावता येत नसले तरी भाजून अगदी बारीक केलेला तीस ग्रॅम कूट भाजीत, आमटीत किंवा ताकात घातला की सात ग्रॅमच्या पुढे प्रथिने मिळतात, म्हणजे एका अंड्याएवढी. भाकरी बंद करण्याऐवजी ती पातळ थापून, तव्यावरून उतरताच कुस्करून ताकात किंवा आमटीत दहा मिनिटे भिजू द्यावी. सासऱ्यांना भाकरी परत मिळाली तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आमच्याकडे आजारी माणसाला मटणाचे आळणी पाणी देण्याची पद्धत आहे आणि ते प्यायले की ताकद येते अशी सर्वांची श्रद्धा आहे. मीही महिनोन्महिने ते दिले. रशाने तोंडाला चव येते आणि भूकही उघडते, परंतु मटणातली बहुतेक प्रथिने तुकड्यातच राहतात आणि तुकडे तर आम्ही बाजूला काढून ठेवत होतो. खिमा मऊ शिजवून द्यायला लागल्यावर फरक पडला.

एक गोष्ट मला उशिरा कळली. सासरे हळूहळू सर्वांबरोबर जेवायला बसेनासे झाले होते. त्यांना एक भाकरी खायला पाऊण तास लागे, सर्वांची ताटे उचलली जात आणि ते एकटे उरत; मग "माझे झाले" म्हणून अर्ध्यावर उठत. लग्नाच्या पंगतीला जाणे तर त्यांनी पूर्णच बंद केले. आम्ही त्यांचे ताट सर्वांच्या आधी वीस मिनिटे वाढू लागलो आणि शेवटी त्यांच्याजवळ कोणीतरी बसेल असे ठरवले. दोन जेवणांच्या मध्ये चार वाजता बिस्किटांऐवजी धिरडे आणि दही दिले.

वाघूर

विषय महत्त्वाचा आहे, परंतु एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. माझ्या आजीच्या तोंडात शेवटची वीस वर्षे एकही दात नव्हता. कवळी तिने पाहिलीही नव्हती. ती ९२ वर्षे जगली, भाकरी खात होती आणि शेवटच्या वर्षापर्यंत अंगण सारवत होती. दात जाणे हे केस पिकण्यासारखेच नैसर्गिक आहे आणि आपण त्याचा आजार करत आहोत, असे तर नाही ना?

कण्हेर (धागाकर्ती)

वाघूर, हाच प्रश्न भावाने मला विचारला आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. माझी पणजीही बोळक्या तोंडाची होती असे आई सांगते, आणि तिच्या उशाशी लहानसा खलबत्ता असे. त्यात विडा कुटला जाई, शेंगदाणे कुटले जात, सुके खोबरे कुटले जाई. भाकरीचा काला कोणीतरी करून देई, आणि घरात जाते, उखळ आणि रिकामे हात होते. तिच्यासाठी चावण्याचे काम तिच्या दातांऐवजी घर करत होते. आज भाऊ-वहिनी सकाळी सातला कामावर जातात आणि आईच्या हाताशी जे असते ते बरणीतले टोस्ट. शिवाय ज्या आज्या ९२ पर्यंत जगल्या त्या आपल्याला आठवतात. ज्या सत्तरीतच "खंगून गेल्या" त्यांच्या ताटात काय होते हे कोणी विचारले नव्हते.

चिबा_मुक्कामी

गेली अकरा वर्षे जपानमध्ये नोकरीनिमित्त राहतो. येथे हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा म्हणून हाताळला गेला आहे, म्हणून थोडे लिहितो. १९८९ साली येथील आरोग्य मंत्रालयाने आणि दंतवैद्यांच्या संघटनेने '८०२०' नावाची मोहीम सुरू केली. ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात, एवढेच तिचे उद्दिष्ट होते. त्या वेळी ऐंशीच्या घरातल्या दहा माणसांत एकाचेही वीस दात नसत. २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण निम्म्याच्या पुढे गेलेले आढळले. दात जाणे केस पिकण्यासारखे अटळ असते तर एका पिढीत हे घडले नसते, असे वाघूर यांना आदरपूर्वक सांगावेसे वाटते.

मी राहतो त्याच चिबा प्रांतातल्या काशिवा शहरात दोन हजारांहून अधिक ज्येष्ठांचा काही वर्षे पाठपुरावा करून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दातांची संख्या, चावण्याची क्षमता, जिभेचा दाब, उच्चारांची चपळता, कडक पदार्थ खाताना होणारा त्रास आणि गिळताना होणारा त्रास अशा सहा गोष्टी पाहिल्या होत्या. त्यांपैकी तीन किंवा अधिक गोष्टींत जे कमी पडले, त्यांच्यात पुढे शरीराची जर्जरता येण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक निघाला. म्हणजे तोंड आधी थकते, आणि चालणे व उचलणे त्यामागून.

उच्चारांची चपळता तपासण्यासाठी 'पा', 'ता', 'का' ही अक्षरे जलद म्हणायला सांगतात, आणि त्यांना 'रा' जोडून वृद्धांच्या केंद्रांत जेवणापूर्वी 'पा-ता-का-रा' असा व्यायाम घेतात. आपल्या वर्णमालेत वाढलेल्या माणसाला यातला विचार सांगावा लागत नाही: 'प' ओठांनी, 'त' दातांशी, 'क' कंठाशी आणि 'र' जीभ वर उचलून. घास तोंडात धरणे, फिरवणे आणि घशाकडे ढकलणे याच हालचालींनी होते. कण्हेरताईंच्या आईंना हा व्यायाम परका वाटणार नाही.

हात_धरून_चाला

मी नाशिकला फिजिओथेरपी करते. 'जर्जरता' हा शब्द वर आला आहे, त्याला मोजमाप आहे हे सांगणे आवश्यक वाटते. २००१ पासून रूढ असलेल्या निकषांत पाच गोष्टी पाहतात: न ठरवता वर्षभरात साडेचार किलोच्या वर घटलेले वजन, हाताच्या पकडीतली घट, सततचा थकवा, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. तीन किंवा अधिक आढळल्या तर जर्जरता, आणि एक-दोन असतील तर उंबरठा. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार हाताची पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असणे ही स्नायू घटल्याची खूण मानतात. पकड मोजायला यंत्र लागते, पण घरी दुसरी चाचणी करता येते. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचे आणि बसायचे. यासाठी १२ सेकंद किंवा अधिक लागले तर लक्ष द्यायला हवे. जवळ कोणीतरी उभे राहावे.

कण्हेरताई, तुमच्या आईंचे सात किलो गेले आहेत, आणि त्यांत स्नायूंचा वाटा मोठा असणार. नुसती प्रथिने वाढवून स्नायू परत येत नाहीत, त्यांना काम द्यावे लागते. खुर्चीतून उठणे-बसणे, टाचा उचलणे, भिंतीला हात लावून ढकलणे, असे आठवड्यातून तीन दिवस तरी हवे. प्रथिने रात्रीच्या जेवणात एकदम न देता तिन्ही वेळा विभागून द्यावीत. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, आणि वजन घटले म्हणजे दातच कारण असे कोणी गृहीत धरू नये. तुम्ही आधी तपासण्या केल्यात ते योग्यच केले. क्षयरोग, मधुमेह, कर्करोग आणि नैराश्य यांतही वजन असेच उतरते.

हे चक्र उलट्या दिशेनेही फिरते, याकडे कोणी लक्ष वेधलेले नाही. हात कापू लागले, पकड सुटली, की ब्रश नीट फिरत नाही आणि उरलेले दात किडतात. ब्रशच्या दांड्याला सायकलच्या मुठीचे रबर चढवले तर कमजोर हातालाही तो धरता येतो.

रानवाट_बीड

शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. आमच्या भागातल्या बायकांचे दात पन्नाशीतच का हलतात यावर बोलल्याशिवाय हा धागा अपुरा राहील. मिश्री. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ती काळी पूड सकाळी दातांना लावली की दुखणे थांबते, म्हणून ती औषध समजून सुरू होते आणि नंतर दिवसातून चार वेळा लागते. दुखणे दबते, पण हिरडी आतून दातापासून सुटत जाते आणि तंबाखूमुळे ती रक्तही फारसे गाळत नाही, त्यामुळे आजार शेवटपर्यंत लपून राहतो. मग दात हलू लागला की तालुक्याला जाऊन तो काढून येणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. एक काढला, दुसरा काढला, आणि साठीपर्यंत तोंड रिकामे. मुखकर्करोगाचा धोका तर वेगळाच.

खर्चाबद्दलही लिहिते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कवळी खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होते, फक्त चार-पाच फेऱ्या माराव्या लागतात. २०१७ पासूनच्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यायच्या साधनांत काठी, चष्मा आणि श्रवणयंत्राबरोबर कवळीचाही समावेश आहे. शिबिराला जाणारे लोक काठी आणि चष्मा मागून घेतात. कवळी मागता येते हे बहुतेकांना ठाऊक नसते.

फोंड्याचे_आजोबा

मी ७९ वर्षांचा आहे. वरील सर्व चर्चा आमच्याविषयी आहे, म्हणून आमच्या बाजूनेही दोन शब्द लिहितो. दात गेले तेव्हा मला दुखण्यापेक्षा लाजेचा त्रास अधिक झाला. माणूस हसताना तोंडावर हात धरू लागतो, मग बोलणे कमी करतो. माझ्या सुदैवाने आमच्याकडे मासळी आहे आणि शिजलेला बांगडा दात मागत नाही, त्यामुळे माझे अंग फारसे उतरले नाही. तरी सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीची कुरकुरीत कोशिंबीर) गेली याचे मला आजही वाईट वाटते. कुरकुरीत काहीतरी दाताखाली मोडण्याचा जो आनंद असतो तो पेजेत नाही.

मुलांना आणि सुनांना माझी विनंती आहे की आमचे सगळे जेवण मिक्सरमधून काढू नका. आमच्याकडे प्रेमापोटी तसे झाले होते. भाजी, डाळ, मासा, सर्व एकाच रंगाचे. मी आठवडाभरात अर्धे जेवण टाकू लागलो, आणि सर्वांना वाटले की भूक गेली. प्रत्येक पदार्थ वेगळा ठेवावा, बारीक चिरावा, अधिक शिजवावा, पण तो काय आहे हे डोळ्यांना कळू द्यावे. आणि "काय खाता येत नाही?" असे आम्हाला थेट विचारावे. आम्ही आपणहून सांगत नाही, कारण सांगितले की घरात वेगळा स्वयंपाक करावा लागेल, ही भीती असते. कण्हेर, तुझ्या आईने "आवडत नाही" म्हटले, त्याचा अर्थ बहुधा हाच होता.

वऱ्हाडी_दंतवैद्य

काकांनी लिहिले ते आम्हा व्यावसायिकांनीही वाचण्यासारखे आहे. आम्ही कवळी देतो आणि काम संपले असे समजतो, परंतु नुसत्या कवळीने आहार सुधारत नाही. वर्षानुवर्षे लागलेली दूधभाताची सवय तशीच राहते. कवळीबरोबर काय आणि कसे खायला सुरुवात करायची हे सांगितले, तरच ताट बदलते. ज्यांना पाणी पिताना ठसका लागतो किंवा जेवताना आवाज घोगरा होतो, त्यांना मात्र दातांचा नव्हे तर गिळण्याचा त्रास असू शकतो. त्यांची तपासणी आधी करावी, आणि कोरडा चिवडा किंवा अख्खी द्राक्षे देऊ नयेत.

कण्हेर (धागाकर्ती)

साडेतीन महिन्यांनी लिहीत आहे. कवळीला आतून थर देऊन घेतला आणि तीन वेळा घासून घेतली; उरलेल्या नऊपैकी दोनच दात काढावे लागले. पहिले तीन आठवडे ती फक्त दुपारच्या जेवणापुरती घालत होती, आता सकाळपासून घालते. काकांचे म्हणणे मी तिला वाचून दाखवले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "वहिनीला दोन-दोन तवे चढवायला कुठे सांगू?" वहिनीला हे कळल्यावर तिला फार वाईट वाटले. आता आमटी सर्वांसाठीच कुटाची होते आणि भाकऱ्या सर्वांच्याच पातळ थापल्या जातात, त्यामुळे वेगळा स्वयंपाक असा राहिलाच नाही.

वजन ४८.८ किलो झाले आहे. खुर्चीतून पाच वेळा उठायला १९ सेकंद लागत होते, आता १५ लागतात. अजून बारावर यायचे आहे. 'पा-ता-का-रा' नातीबरोबर रोज म्हणते. काल फोनवर तिने सांगितले की शेंगा भाजल्या होत्या आणि कूट करण्याआधी चार दाणे तसेच चावून पाहिले. दोन जमले, दोन खलबत्त्यात टाकले.